बाबांच्या गाडीवरची अक्षरं

सोमवार, ४ मार्च

बाबांनी गाडी विकली. रविवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन घेऊन जाणार. दोन्ही दारांवर आणि डिकीवर पिवळ्या ठळक अक्षरांत ‘मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ असं स्टिकर आहे. ते काढून गाडी कोरी करून देतो, असं बाबांनी कबूल केलंय. गॅरेजवाला काढून देत होता. बाबा त्याला म्हणाले, नको, आमची लेक रंगातलीच इंजिनिअर आहे. हे मला गॅरेजवाल्याकडून कळलं. मला बाबा एवढंच म्हणाले, वेळ असेल तर बघ.

वेळ आहे. मी कोटिंगच्या प्रयोगशाळेत काम करते. कशावर काय चिकटतं आणि का, याचाच पगार घेते. एका संध्याकाळचं काम आहे.

बाबांनी फुशारकी मारली याचा या कामाशी काही संबंध नाही. कुणाचीही गाडी असती तरी मी एवढ्याच काळजीने केलं असतं.

मंगळवार, ५ मार्च

तत्त्व सोपं आहे. हेअर ड्रायरने स्टिकर कोमट करायचं, कोपरा उचलायचा, मागे दुमडून सावकाश ओढायचं. अख्खं अक्षर एका तुकड्यात येतं.

‘मो’ एका तुकड्यात आला. फोटो काढला.

‘टा’चे तुकडे झाले. ‘र’ची भुकटी. विनाइल उन्हाने पार वाळलंय. स्टिकरचा दर्जा मुळात वाईट.

आई म्हणाली, अगं, नखाने निघेल की. मी तिला समजावलं की नख हे नियंत्रित साधन नाही, दाब प्रत्येक वेळी वेगळा पडतो. ती म्हणाली, बरं बाई, आणि ड्रायर परत घेऊन गेली.

नंतर: नखाने बरंच निघालं. आईला सांगण्याइतकं काही नाही.

बुधवार, ६ मार्च

स्टिकर संपलं. चिकटा राहिला. त्याला दिवसभराची धूळ बसली. शेजारचे काका थांबून म्हणाले, वा, अक्षरं नव्याने रंगवून घेतलीत वाटतं, आता लांबूनही वाचता येतं. मी आभार मानले.

रॉकेलचं फडकं चिकट्यावर ठेवलं, रॉकेल उडून जाऊ नये म्हणून वर प्लास्टिक लावलं. चिकटा फुगतो आणि सुटतो, असा सिद्धांत आहे. फुगला. सुटलाही, दारावरून माझ्या हातावर आला, हातावरून नळावर, नळावरून फ्रिजवर. आई म्हणाली, फ्रिज उघडला की सोडतच नाही गं मला.

बाबांनी बाल्कनीतून विचारलं, गॅरेजवाल्याला नुसतं विचारून बघू का? मी म्हटलं, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. मग त्यांनी तिथूनच मावशीला फोन लावला. अगदी शास्त्रशुद्ध चाललंय, असं सांगत होते.

आवाज जरा कमी ठेवला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, ७ मार्च

रजा टाकली. कारण: वैयक्तिक.

थिनर वापरायचं ठरवलं. शिस्त अशी की आधी लपलेल्या जागी चाचणी घ्यायची. पेट्रोलच्या झाकणाच्या आत थेंब टाकून थांबले, पुसलं. रंगाला काही झालं नाही. अपेक्षितच होतं. कारखान्यात भट्टीतून निघालेला रंग अशा किरकोळ थिनरला दाद देत नाही.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार दुपारपर्यंत स्वच्छ. चिकट्याचा मागमूस नाही. उरलेलं उद्या, पटकन. जेवताना मी आपणहून विषय काढला आणि पद्धत समजावून सांगितली. बाबांनी दोन वेळा मान डोलावली. आईने एकदा.

शुक्रवार, ८ मार्च

डावं दार. फडकं निळं झालं. स्टिकरचा रंग सुटतोय, चांगलं लक्षण, असं समजून आणखी चोळलं.

स्टिकर पिवळं होतं. निळी गाडी आहे.

निळ्याच्या खाली करडी लांबी निघाली, पत्र्याचे पोचे बुजवायला भरतात ती. डिकीवर फक्त एकदा पुसून बघितलं. तेच. म्हणजे हे दोन्ही भाग नंतर कधीतरी गॅरेजमध्ये साध्या रंगाने रंगवलेले आहेत. पण बाबा तर कायम सांगत आलेत की आपल्या गाडीवर कधी ओरखडा पडला नाही.

आईला खाली बोलावलं. घरातला जुना फोटो दाखवावा तशी ती बोट ठेवत गेली. हा कोपरा बँकेतल्या बाईंचा. डिकी त्या गाणाऱ्या मास्तरांची, रिव्हर्स टाकायचे आणि बघायचे पुढे. आणि हे दार माझं.

मी विचारलं, तू गाडी शिकलीस? म्हणाली, फाटकापर्यंत.

बाबा म्हणे कुणी ठोकली की त्याच संध्याकाळी रंगवायला टाकायचे. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने गाडी बघून लाजून घरी बसू नये म्हणून. विचारलं तर म्हणायचे, कुठे काय झालंय.

थोडक्यात, माझी चाचणी बरोबर होती. गाडी चुकीची निघाली.

शनिवार, ९ मार्च

सकाळ. निर्णय: गॅरेजवाल्याला फोन करायचा नाही. पॉलिश आणि टच-अपच्या बाटलीने डाग सहज झाकता येईल.

दुपार. टच-अपचा निळा वेगळा निघाला. डावं दार आता आकाश आणि ढग असं दिसतं. ढग लांबीचे.

ड्रायव्हरच्या दाराला नुसतं पॉलिश केलं. आरशासारखं चमकलं, आणि त्या चकाकीत ‘मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ स्वच्छ वाचता येऊ लागलं. स्टिकरखालचा रंग इतकी वर्षं उन्हापासून झाकलेला होता, बाकीचा फिका पडला. मी जितकं घासते तितकं ठळक होतं. उन्हाने रंग फिका पडण्यावर मी एका परिसंवादात बोलले आहे. पहिलीच स्लाइड हीच होती.

बाबा खाली आले. ड्रायव्हरच्या दाराला छान म्हणाले. डाव्या दारापाशी जरा जास्त वेळ थांबले. मी कारण सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, आधी जेवून घे.

संध्याकाळ. गॅरेजवाल्याला सहज फोन केला. सोमवारी उघडणार.

रविवार, १० मार्च

डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं: ‘रंगकामाचा पूर्वेतिहास उपलब्ध नसल्यामुळे.’ पुढचं तिथे सुचेल असं वाटलं होतं.

बाईंनी डाव्या दारावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, अहो, हे तर गाय चाटून गेल्यासारखं दिसतंय. कुणी केलं?

मी ‘रंगकामाचा’पर्यंत आले. बाबा म्हणाले, एक विद्यार्थी आहे माझा. हात नवीन, पण फार मन लावून केलं बिचाऱ्याने.

बाई म्हणाल्या, तुमची मुलगी याच कामातली ना? तिलाच सांगायचंत की. सबंध गावाला तर सांगत असता.

बाबा म्हणाले, तिला कुठे हो वेळ असतो.

माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. किल्ली पुसत होते. माझ्या बाहीला चिकट्याच्या गोळ्या होत्या आणि कोपराला निळा रंग. मी हात मागे घेतले.

बाईंची नजर माझ्या कोपरापर्यंत आली आणि त्या मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, असू दे, मला काय, दोन्ही दारांवर दवाखान्याचं मोठं स्टिकर लावायचंच आहे. मग माझ्याकडे वळल्या. तुम्हाला कळतं यातलं, या गाडीवर नीट चिकटेल ना ते? गळून नाही ना पडायचं?

मी म्हटलं, चिकटेल.

बाबांना तेवढ्यात खोकला आला.