खिशातली कविता

गुरुजी, तुम्ही शिकवलेली मेंढरांची कविता आता फोनवर वाजते. चाल तुमची, आवाज माझा. माझी नात पोरांसाठी फोनवरचे धडे तयार करते. कुठल्या धड्यात पोरं कुठं थांबतात, काय सोडून देतात, हे तिला घरबसल्या दिसतं. दिवाळीनंतर ती आलेख घेऊन माझ्याजवळ बसली. "आबा, वाईट वाटून घेऊ नका. तुमची कविता पोरं लावतात आणि दुसरं कडवं यायच्या आत सोडतात. पुन्हा पहिल्यापासून लावतात, पुन्हा सोडतात. ती काढून चित्रांचा धडा घालू म्हणतात माझ्याबरोबर काम करणारे सगळे."

त्या कवितेशिवाय तुमचं म्हणावं असं माझ्याकडं दुसरं काय आहे? मग धर्मापुरीची देवळापलीकडची शाळा डोळ्यांपुढं आली. दुपार आहे, मी खिडकीबाहेर बघत बसलोय. तुम्ही छडीला हात लावत नाही. जवळ येऊन विचारता, "कुठं गेलतास बे?" मी म्हणतो, "न्हाई गुरुजी, ऐकायलोय." "मंग म्हण." आणि मी अख्खं कडवं म्हणतो. त्या दिवसापासून कवितेच्या तासाला तुम्ही आम्हाला पुस्तकं मिटायला लावायचात, खुशाल बाहेर बघू द्यायचात.

म्हणून नातीला म्हटलं, काढायच्या आधी पोरांना विचारू तरी. घाटनांदूरच्या माळावर एक पोरगी शेरडांमागं चालली होती, फोन झग्याच्या खिशात. नातीनं विचारलं, "ती कविता आवडत नाही का गं?"

"लई आवडती. पर खिशात टाकला की स्क्रीन काळी व्हती अन् गानं बंद. मंग पुन्ना पैल्यापसून. शेरडं बघू का फोन बघू? काहून थांबतोय त्यो म्हातारा मधीच?"

म्हातारा शेजारीच उभा होता. नात तोंडावर ओढणी धरून हसत राहिली.

तिनं धडा बदलून घेतला. आता स्क्रीन विझली तरी आवाज चालू राहतो, आणि आलेखातली रेघ शेवटच्या कडव्यापर्यंत जाते. कविता राहिली, गुरुजी.

परवा नात कौतुकानं सांगत होती, एक पोर रोज पहाटे ही कविता लावतं आणि शेवटची ओळ मागं नेऊन नेऊन ऐकतं. त्याच्यासाठी अजून कविता घालायला पाहिजेत, म्हणाली. त्या ओळीवर माझा आवाज अगदी तुमच्यासारखा खाली उतरतो. तिला सांगायला हवं, नाहीतर तिचा हिशेब चुकेल. अजून जीभ रेटलेली नाही. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून इथं लिहितो: ते पोर मीच आहे.