शिष्टरच्या भावाची हळद

सिस्टर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल बोलायला माझ्या ओळखीतलं कुणीच उरलेलं नाही. खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे लिहिते आहे. जासईकडची आपली मिशनची शाळा, तिच्या मागची मिठागरं आणि खाडीकडचा तो व्हरांडा आठवला की अजून मला तुमच्या हातातली पट्टी दिसते. आयर्लंडहून आमच्या गावात येऊन तुम्ही मुलींना गाणं शिकवत होता, हे तेव्हा मला मुळीच नवलाचं वाटलं नाही. कुणाच्या घरी काकू शिकवते, आम्हाला सिस्टर शिकवत होत्या, इतकंच. साठ सालानंतरची ती वर्षं. नवी मुंबई हे नावही अजून कुणाच्या डोक्यात नव्हतं.

तुमचा भाऊ तिकडे समुद्राकाठच्या एका शाळेत मास्तर होता आणि कविता करायचा. त्याच्या कविता टपालानं यायच्या आणि तुम्ही त्यांना चाल लावून आमच्याकडून म्हणून घ्यायचा. मुलींच्या तीन रांगा. पहिलीचा आवाज उंच, दुसरीचा मधला, तिसरीचा खालचा, आणि तिन्ही रांगा एकाच वेळी वेगवेगळं गाणार. माझी आई एकदा मला डबा द्यायला आली होती, ती ऐकत दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "एके घरान तीन चुली कशाला पेटवल्यान गो?" तुम्हाला ते मी समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की डोक्यावरचं वस्त्र सरकलं. मग तुम्ही आईच्या मागेच लागलात. आई आमच्या आगरी लग्नांत धवला गायची, म्हणजे हळद लागताना, मांडव घालताना जी गाणी बायका म्हणतात ती. धवलारीण पुढे म्हणते आणि जमलेल्या बायका मागून उत्तर देतात. उचललेला धवला बिनउत्तराचा सोडत नाहीत, अपशकुन होतो. तुम्ही आमच्या चुलीपुढे पाटावर बसून ऐकायचा आणि आई सुकट निवडता निवडता गायची. आमच्या बोलीत आदराचं 'तुम्ही' फारसं नाहीच, त्यामुळे ती तुम्हाला खुशाल अगं-तुगं करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्हाला आवडायचं.

एका कवितेचं मराठी आपण दोघींनी केलं. माणूस होडी ओढायला किनाऱ्यावर जातो आणि पाणी निघून गेलेलं असतं, अशी ती कविता. ओहोटीला आमच्याकडे काय म्हणतात ते तुम्ही विचारलं, मी 'सुकती' सांगितलं आणि तो शब्द तुम्ही दिवसभर तोंडात घोळवलात. कवितेला यमक नव्हतं. मला ते उघडंवाघडं वाटलं म्हणून मी गुपचूप यमकं जुळवली, मधे एक 'हाय रे दैवा'ही घातलं. तुम्ही वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तू ओळीला रडवतेस," म्हणालात. "ती रडत नाही. ती फक्त सांगते." मला राग आला होता. दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही, याचा आणखी राग.

पुढे पावसाळा संपता संपता तुमचा भाऊ गेल्याचं कळलं. तोवर त्याला पुरूनसुद्धा झालं होतं. तुम्हाला घरी जायची परवानगी नव्हती, तुमच्यात तसा नियमच होता. त्या आठवड्यातही तुम्ही तालीम घेतलीत. शनिवारी संध्याकाळी मात्र आमच्याकडे आलात आणि आईला विचारलंत की होडीची कविता धवल्याच्या चालीवर, हळदीच्या चालीवर, शाळेच्या संमेलनात म्हटली तर चालेल का. मी भाकऱ्या थापत होते. माझे हात थांबले. आई म्हणाली, "मेले मानसाला हलदीचा गाना? नाय गो बाय. तसा नाय करीत." तुम्ही मान हलवलीत. समजलं, म्हणालात. उठून दारापर्यंत गेलात. तेव्हा आईनं मागून विचारलं, "लगीन झालता का त्याचा?" तुम्ही नाही म्हणालात. आईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "मंग गा. त्याचा ऱ्हायलाच हाय."

संमेलन दुपारचं होतं. पटांगणात गावच्या बायका आपापल्या मुलींना बघायला येऊन खाली बसलेल्या. आम्ही तीन रांगांत उभ्या आणि तुम्ही पाठ लोकांकडे करून आमच्यासमोर. पहिली ओळ संपते आणि तुमच्या पाठीमागून आईचा आवाज येतो. चाल तीच, शब्द हळदीचे. धवल्यात नवऱ्यामुलाचं नाव घ्यावं लागतं. तुमच्या भावाचं नाव काही आईच्या जिभेला वळलं नव्हतं, म्हणून ती म्हणते, "शिष्टरचे भावाला हलद लागली गो." आणि सगळ्या बायका तिला उत्तर देतात. आम्ही घाबरून तुमच्याकडे बघतो. तुमचे हात वरच राहिलेले, तोंड उघडं. मग तुम्ही आम्हाला खूण करता, चालू ठेवा. आम्ही होडीची ओळ म्हणतो, त्या हळदीची म्हणतात, पुन्हा आम्ही, पुन्हा त्या. तुम्ही आमच्याकडे तोंड करून रडत होता आणि ते फक्त आम्हा मुलींना दिसत होतं. इतकं रडताना मी कुठल्या मोठ्या माणसाला पाहिलं नव्हतं. शेवटी आईनं पुढे येऊन तुमच्या गालाला खरंच हळद लावली. पिवळा गाल आणि पांढरं वस्त्र. पुढे खुर्चीवर बसलेले फादर उठून निघून गेले.

उन्हाळ्यात तुमची दूर कुठेतरी बदली झाली. संमेलनामुळे का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. निघताना तुम्ही मला व्हरांड्यात बोलावून म्हणालात, "तिकडे त्याची कविता कोणी गात नाही. त्याचं पुस्तक नाही. तू गा." मी होकार दिला. त्या वयात होकार द्यायला काय लागतं. तुम्ही वारल्याचं मला माझ्या थोरल्याच्या बारशानंतर कळलं, तेही कुणाच्या तरी बोलण्यातून. मी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. सासूबाईंना वाटलं, पोट दुखतंय.

आता शेतं गेली, मिठागरं भरून टाकली, आई जाऊनही कितीतरी वर्षं झाली. माझी नात वाशीला कॉलेजात आहे, तिथल्या मुलामुलींचा गाण्याचा ग्रुप आहे. त्यांना काहीतरी वेगळं हवंय म्हणे, लोकगीत आणि परदेशी कविता असं एकत्र. मी सहज तुमचं बोलून गेले. "आजी, टू मच आहे हे! मला सगळं सांग ना, मी रेकॉर्ड करते," म्हणाली आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. मी डोळे मिटून सुरू केलं. होडी ओढायला गेलो, तर सुकती लागून गेली होती. वाळूवर दोर तेवढा ओला होता. आणि पुढे हळद आली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा हळदच आली. बायकांचे शब्द एकूण एक पाठ आहेत मला, आईला दम कुठे लागायचा तेसुद्धा. तुमच्या भावाचे शब्द नाहीत. चार दिवस झाले, भाजी चिरताना, अंघोळ करताना शोधते आहे. हे पत्र लिहिता लिहिता तरी सापडतील असं वाटलं होतं.

नातीनं विचारलं, "पुढे?"

मी म्हटलं, कविता एवढीच होती.