तान्ह्या पोळ्याचा निरोप

बोरगाव मेघे, वर्धा
११ सप्टेंबर २०२५

ती. जयवंताताईस,
धाकट्या अश्विनचा नमस्कार.

मी इथे बरा आहे. तू, कैलासभाऊजी आणि खुशी बरे असाल असं धरून चालतो, कारण विचारायला तोंड ठेवलेलं नाही. खुशीची सहामाही जवळ आली असेल. तिच्या गणितासाठी मामाने बनवलेलं ॲप बंद पडलंय, तेव्हा तिला पुस्तकातूनच कर म्हणावं.

कामाचं म्हणशील तर काम भरपूर आहे, धंदा नाही. पुण्याची नोकरी सोडून आलो तेव्हा सांगत सुटलो होतो की आता एआय आलंय, दहा माणसांचं काम एकटा करीन. खोटं नव्हतं ते. सकाळचा चहा ते दुपारचं जेवण, एवढ्यात एक नवं ॲप उभं राहतं. आठ महिन्यांत अकरा झाली. लग्नाच्या बायोडाटाचं, ऑटोवाल्यांच्या नंबरांचं, सोयाबीनच्या पानावरचा रोग ओळखायचं. त्या शेवटच्याला मी पानाऐवजी माझा तळहात दाखवला, तर त्याने त्यालाही फवारणी सुचवली. अकरांचे मिळून वापरणारे एकोणीस, त्यातले चार आपल्याच घरचे. व्हिडिओतले लोक सांगतात, बाजूला छोटी छोटी ॲपं काढत राहा, एखादं तरी चालेल. माझं एकाची दुरुस्ती करावी तर दुसरं रुसतं. यंत्राला काहीही विचारा, ते आधी म्हणतं, तुमची कल्पना उत्तम आहे. अकरा वेळा उत्तम! डोकं फोडावंसं वाटतं, पण कुणाचं फोडायचं ते कळत नाही.

चाललं ते एकच, आपलं भाजीनिरोप, आणि ते या अकरांच्या आधीचं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तू फोनमध्ये बोलायचीस आणि बेचाळीस घरांत तुझा आवाज वाजायचा. ‘प्रेमदास, तू भेंडी आणजो. तानाबाई, सांबार तुह्याकडे. वांगे कोणी आणू नोका, मागच्या बाजारी ढीग लागला होता.’ एवढ्याने सगळ्यांचा माल उठायचा. लोक म्हणायचे, अश्विनने काय ॲप काढलं! मी फक्त तुझा आवाज इकडून तिकडे पोचवत होतो. नळावर, गिरणीत, कुणाच्या वाफ्यात काय लावलंय ते बघत फिरायचं काम तुझंच होतं.

पण मला वाढायचं होतं. आणखी पाच गावांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, ‘मले तिथलं काय ठाऊक? मी कायले बोलू?’ त्याचा मला राग आला होता. तेव्हा बोललो नाही, आता लिहून टाकतो. मला वाटलं, माझा धंदा आणि ही अडवून बसली.

आता तान्ह्या पोळ्याच्या दिवसाबद्दल. भाऊजींना मी सांगितलं की नेटवर्कची गडबड होऊन जुनाच निरोप पुन्हा गेला. तसं काही झालं नव्हतं.

जुलैमध्ये मी तुझे दोन वर्षांचे निरोप एआयला दिले आणि त्याच्याकडून तुझा आवाज बनवून घेतला. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. इतका हुबेहूब आवाज झाला की मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. तुझ्यासारखं ‘येजो’ म्हणायचं, मध्येच खाकरायचंसुद्धा. सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे, कोथिंबीर, हे शिकवायला एक अख्खी दुपार गेली. आणि मग एक सोय करून ठेवली: बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत तू बोलली नाहीस, तर त्याने तुझ्या आवाजात आपणहून निरोप द्यायचा. तू कधी आजारी पडलीस तर काम अडायला नको, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तुझ्याशिवाय चालतं का, ते मला बघायचं होतं.

पोळ्याच्या संध्याकाळी, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, तू बोलली नाहीस, कारण बोलायचं नव्हतंच. तान्हा पोळा बाजाराच्या दिवशी आला की बाजाराच्या ओट्यांवर पोरांचे लाकडी नंदी बसतात आणि बाजार दुसऱ्या दिवशी भरतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गावात कुणाला सांगावंही लागत नाही. मीसुद्धा लहानपणी त्या ओट्यांवर नंदी ओढलाय, ताई. तुझ्याच ओढणीचं टोक फाडून त्याला झूल केली होती. मला ठाऊक होतं आणि माझ्या डोक्यात आलं नाही. सात वाजले, यंत्र बोललं. लोकांना नवल वाटलं असणार, पण जयवंता या म्हणते म्हणजे यंदा बाजार असेल, असं म्हणून ते आले. तुझ्या शब्दावर आले.

सकाळी नऊला तानाबाईंचा फोन आला. ‘काऊन रे अश्विन, इथी तं पोट्टे नंदी सजवून राह्यले. जयवंतानं बोलावलं ना आमाले?’ मी म्हणालो, ‘काकू, निरोप ताईचा आहे. तिलाच विचारा.’

हे वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्यानंतर तुझे तीन फोन येऊन गेले, तेव्हा फोन माझ्या हातातच होता.

पुढचं भाऊजींनी परवा सांगितलं. बायांनी माना टाकलेल्या जुड्या आणून तुझ्या दारात ठेवल्या. तुला एवढंच म्हणता आलं असतं की मी बोललेच नाही. तू म्हणालीस, ‘माहीच चुकी झाली बाई. तान्हा पोळा ध्यानात राह्यला नाई.’

कशाला, ताई? खरं सांगतो, ऐकल्यावर आधी तुझाच राग आला. कुणी सांगितलं होतं तुला माझं झाकायला? मग भाऊजींनी तुझं कारण सांगितलं, ‘ते म्हणे, पोट्टा नोकरी सोडून आला हाय, त्याचं नाव जाईन.’ माझं नाव! एकोणीस जणांना माहीत असलेलं. तुझं तर बेचाळीस घरांत होतं, आणि ते मी घालवलं. तेव्हापासून तू बोललेली नाहीस. दोन बाजार झाले, दोन्हीत नुसती वांगी आली. ताई, माझा धंदा म्हणजे तू होतीस. बाकी सगळा माझा खटाटोप.

काल तो आवाज पुसून टाकला. अकरा ॲपंही बंद केली, त्यांचं कुणी विचारलंसुद्धा नाही. मग बेचाळीस घरांना माझ्या आवाजात निरोप पाठवला: ‘मी अश्विन बोलून राह्यलो. तान्ह्या पोळ्याले जे ऐकलं ते ताई बोललीच नाई. तिच्या आवाजाचं मशीन मी बनवलं, तिले न विचारता. चुकी माही हाय, तिची नाई.’ चार वेळा बोलून पुसलं, पाचव्यांदा जाऊ दिलं. वाटलं, सुटलो.

दहा मिनिटांत तानाबाईंचा फोन.

‘अश्विन, हे तू बोलला का तुही मशीन बोलली?’

‘मीच बोललो, काकू.’

‘आता बोलून राह्यला, हा कोण हाय?’

‘मीच आहे.’

‘जयवंताचाबी आवाज असाच होता रे बापा,’ म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोनवर आता मी काहीही बोललो तरी त्या घरांत ते माझं धरलं जाणार नाही, आणि ही करामत माझीच. म्हणून येत्या बाजाराला मी स्वतः येतोय. ओट्यांसमोर उभा राहून सगळ्यांना तोंडाने सांगणार आहे, ‘ताईलाच विचारा’ म्हणालो होतो तेही. शिव्या पडतील. पडू दे. तू घरीच थांब, आणि एवढी एकच विनंती, या खेपेला माझ्या वतीने बोलू नको.

तिथून तुझ्या दारात येईन. उघडायचं की नाही ते तू ठरव.

तुझा, यंत्राने न बोलवलेला,
अश्विन