अक्काला विचारायची राहिलेली नावं

रविवार संध्याकाळ, धुळे

आबा, माझे वडील, बायबलमधल्या वंशावळी कधी गाळत नसत. एज्राच्या पुस्तकात बंदिवासातून परतलेल्या काहींना आपलं घराणं सांगता येत नाही. तिथे ते थांबायचे. "आपण यांच्यातलेच," म्हणायचे. सातपुड्यातून मजुरीला उतरलेलं आमचं घर. जुनी नावं ठाऊक होती ती फक्त चोपड्याच्या अक्काला, आबांच्या थोरल्या बहिणीला.

आबा वारल्यापासून मी अक्काकडे जाऊ जाऊ म्हणत होते, ती आज गेले. अक्का बघतच राहिली. "तू कोनी पोर शे?"

"दानियलनी. तुमना भाऊनी."

मग पूर्वजांची नावं विचारली. एखादं तरी. ती नुसती हसली. "माले काही याद नही, माय."

का नाही आधी गेले? त्या वंशावळींचा मला कंटाळा यायचा. परक्या मुलखात सगळं गमावलेल्यांना आपण कोणाचे एवढं तरी उरावं, म्हणूनच लिहिल्या असतील ना? आता कळून काय उपयोग.

निघताना अक्काने हात धरला. "दानियल जेवना का?"

आबा वारले तेव्हाच तिला कळवलं होतं. पुन्हा सांगवेना.

"हो, जेवना," म्हटलं.