सिलिंडर भंगारात जाणार नाही

मी, तोताराम शंकर महाजन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व घरगुती वेल्डिंग, राहणार धरणगाव, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला, दबावाला वा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझी पत्नी सौ. वच्छलाबाई मोठ्याने हसली, याचीही नोंद करतो. मन स्थिर असले तरी उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. अक्षर वाकडे आले तर तो दोष हाताचा समजावा, बुद्धीचा नव्हे.

घर आणि शेत यांच्यासाठी मी मृत्युपत्र केले नसते. ती आपोआप पोराकडे जातातच. माझा जीव अडकला आहे तो शेडमधल्या गॅस सिलिंडरमध्ये. मी डोळे मिटले की माझा मुलगा चि. हितेंद्र पहिला फोन भंगारवाल्याला करील. पोरगा गुणी आहे, निर्व्यसनी आहे, पण सिलिंडर दिसला की त्याला घाम फुटतो. ज्या दिवशी सिलिंडर घरी आला त्या दिवसापासून तो एकच वाक्य बोलतो आहे, "आबा, हाई बॉम शे, घरमा नको!" त्यात भरतात तो गॅस पेटत नाही, उलट आग विझवतो, हे मी त्याला सांगून थकलो. आता कायद्याने सांगतो.

कलम पहिले. राहते घर माझ्यामागे सौ. वच्छलाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. त्यानंतर हितेंद्रचे. ओट्यावर बसून कोण आले, कोण गेले ते बघण्याचा तिचा हक्क कोणी हिरावू नये.

कलम दुसरे. चोपडा रस्त्यावरचे कपाशीचे शेत, विहीर व मोटार यांसह, हितेंद्रचे. बांधावरून शेजाऱ्याशी जे भांडण चालू आहे तेही त्याच्याच वाट्याला. मी ते जिंकत आणले आहे, त्याने सोडू नये.

कलम तिसरे. वेल्डिंग मशीन, तारेचे रीळ, मुखवटा, चामड्याचे हातमोजे, रेग्युलेटर, नळी आणि माझ्या मालकीचा सिलिंडर, भरलेला असो वा रिकामा, माझी मुलगी सौ. रोहिणी ललित माळी, राहणार धुळे, हिला हे सर्व माझ्या मृत्यूनंतर मिळावे. ती यातले काही मागत नाही, मीच देतो. मुलीला साडीचोळी देतात, सिलिंडर कोणी देते का, असे म्हणणारे भाऊबंद भेटतील. त्यांना हे कलम वाचून दाखवावे, आणि नाही पटले तर पुन्हा वाचून दाखवावे.

हे सगळे सुरू झाले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यापायी. आमच्या दारात मोठा निंब होता. आखाजीला रोहिणी माहेरी आली की त्याच्या फांदीला झोका बांधायचा आणि गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आमच्या दारात गोळा व्हायच्या. रस्ता रुंद करताना तो निंब गेला. त्या वर्षी रोहिणी ओट्यावर नुसती बसून राहिली. मला ते बघवले नाही. मी म्हटले, झाड गेले तर गेले, लोखंडाचा झोका उभा करीन! फॅब्रिकेशनवाल्याने पुढच्या महिन्यात बघू म्हटले, तेव्हा माझे डोके फिरले. मशीन आणली, मोबाइलवर बघून शिकलो. पहिली ठिणगी उडाली तेव्हा मी अंगणात नाचलो होतो. बघायला शेजारचे बन्सीलाल होते, ते खाली साक्षीला आहेत, विचारून घ्यावे.

आधी साध्या रॉडने जोडायचो. मग गॅसचे कळले. तार वितळते त्या जागेवर गॅसचे पांघरूण पडले की हवा आत शिरत नाही आणि सांधा गुळगुळीत, चकचकीत येतो. हे कळल्यावर मला सिलिंडरवाचून झोप येईना. जळगावच्या रतिलालच्या दुकानातून नवा कोरा सिलिंडर घेतला आणि मालवाहू रिक्षात त्याच्या शेजारी उभा राहून घरी आणला. माझ्या लग्नाच्या वरातीतही मी इतका ताठ उभा नव्हतो.

कलम चौथे, सूचना. रोहिणीला हे सर्व काम मीच शिकवले आहे, पण लिहिलेले बरे. सिलिंडर भरून आणताना रेग्युलेटर काढून, टोपण घट्ट लावून, उभा बांधून आणावा. एसटीत नेऊ नये. मी प्रयत्न केला, कंडक्टरने भर स्टँडवर मला उतरवले आणि बरोबर केले. दुकानदार रिकाम्याच्या बदल्यात दुसरा भरलेला देऊ लागला तर सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख आधी बघावी, मुदत संपलेला गळ्यात मारून घेऊ नये. घरी भिंतीला साखळीने बांधावा. शेडची दारे उघडी ठेवावीत, कारण या गॅसला ना रंग ना वास, कोंडला तर माणसाला कळतही नाही.

आता जोडणीचा क्रम. टोपण काढावे. बाजूला उभे राहून व्हॉल्व्ह किंचित उघडून लगेच बंद करावा. फुस्स आवाज होऊन तोंडातली धूळ उडून जाते. हा आवाज मला भारी आवडतो! त्यानंतर सौ. वच्छलाबाई ओले कुंकू व अक्षता लावून सिलिंडरची पूजा करते. भरलेली वस्तू घरात आली की तिला तोंडाशी कुंकू लागलेच पाहिजे. मग रेग्युलेटर बसवून पान्याने आवळावा. मग व्हॉल्व्ह उघडून नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का बघावे. सिलिंडरच्या तोंडाला साबण लावू नये, कुंकू पुसले जाते.

कलम पाचवे. वरील रतिलाल यास माझ्या अंत्ययात्रेला येऊ देऊ नये. आला तर खांदा देऊ देऊ नये. या माणसाने मला दरवेळी अर्धा भरलेला सिलिंडर दिला. आज भरून आणावा, दोन दिवसांत रेग्युलेटरचा काटा खाली. गॅस संपत आला की सांध्यात भोकेच भोके पडतात, टोस्टसारखी. मी त्याच्या दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटले. तो म्हणाला, पुन्हा पायरी चढू नका. मी चढलो नाही. तेव्हापासून जळगाव सोडून थेट धुळ्याला भरायला जातो. तिथलाही दोन दिवसांत संपतो. दोन्ही जिल्ह्यांतले गॅसवाले मिळालेले आहेत असे माझे मत आहे.

कलम सहावे. शेडमागे झोक्याच्या ज्या फसलेल्या चौकटी उभ्या आहेत, ज्यांवर बसायची कोणाची हिंमत झाली नाही व ज्यांवर सौ. वच्छलाबाई गोधड्या वाळत घालते, त्या

येथे लिखाण थांबवावे लागले. जेवणानंतर पुढे लिहीत आहे. खाडाखोड केली तर प्रत्येक ठिकाणी सही लागते असे वकील म्हणाले आहेत, म्हणून वरचे तसेच ठेवतो आणि घडले ते लिहितो.

रोहिणी आज सकाळी आखाजीसाठी आली. येताना जावईबापूंनी मी पाठवलेला सिलिंडर धुळ्याहून भरून मालवाहू रिक्षात घालून दिला होता. उद्याचा झोका तिने जोडायचा ठरला होता, कारण माझ्या हाताने आता रेघ सरळ जात नाही. हे लिहिताना वाईट वाटते, खोटे कशाला बोलू. मी शेजारी बसून नेहमीच्या क्रमाने जोडणी करवून घेतली. धूळ उडवली, पूजा झाली, रेग्युलेटर बसला. मी आत येऊन हा कागद पुढे लिहायला घेतला आणि शेडमधून हाक आली.

"आबा, आठे या! देखा, फेस कसा फुगी राहिना!"

तिने सिलिंडरच्या तोंडालाच साबण लावला होता. कुंकवाचा गुलाबी फेस भराभरा फुगत होता. मी ओरडलो, "कुंकूले साबन लाई दिन्हं का तू?" तिने व्हॉल्व्ह बंद केला, रेग्युलेटर सोडला आणि करंगळीने तोंडाच्या आतून एक तांदळाचा दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. कुंकवाने लाल झालेला, आवळून चपटा झालेला. रेग्युलेटर त्या दाण्यावर बसत होता, नीट टेकत नव्हता, आणि व्हॉल्व्ह मी कधी बंद करत नसल्याने गॅस रात्रंदिवस फटीतून निघून जात होता. धूळ आधी उडवायची आणि पूजा मागून, म्हणून दाणा आतच राहायचा. आणि कुंकू पुसायचे नाही म्हणून तिथे साबण कोणी लावला नाही!

मी वच्छलाबाईकडे बघितले. ती जराही डगमगली नाही.

"नवी वस्तू घरमा उनी, ते कुंकू लावानं नही का? आनि लायेल कुंकू कोनी पुसतस का?"

खरे तर मीही तेच मानत होतो. इतक्यात बन्सीलाल सहीसाठी आले आणि त्यांच्यामागून, देवाची करणी, रतिलाल! दुसरे ठरलेले साक्षीदार सासुरवाडीला गेले, आणि रतिलाल हा बन्सीलालचा व्याही, आखाजीसाठी मुलीला माहेरी न्यायला आजच धरणगावात आलेला. बन्सीलालला वाटले, सही करायला माणूस सापडला. आमचे वैर त्यांना ठाऊक होते, तरी आणले. तो दारातच उभा राहिला, पायरी चढेना. मी तळहात पुढे केला. त्याने दाणा उचलला, चष्मा वर करून न्याहाळला, सिलिंडरकडे बघितले, कुंकवाकडे बघितले.

"तोतारामभाऊ, गॅस माझा होता, तांदूळ तुमच्या घरचे. आणि चोर मी?"

मग तो जो हसायला लागला, तो खाली बसून हसला. बन्सीलाल हसले, वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसली, मलाही आवरेना. मी त्याचा हात धरून त्याला पायरी चढवला. कलम पाचवे या क्षणापासून रद्द. त्याने खांदा द्यावा, पुढचा उजवा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणाले, पण वैर मागे घेणे ही काही देणगी नव्हे.

कलम चौथ्यात दुरुस्ती. पूजा सिलिंडरच्या पायथ्याशी करावी, आणि तीही धूळ उडवण्याच्या आधी. सौ. वच्छलाबाई हिला हे मान्य आहे.

त्यानंतर रोहिणीने मुखवटा घातला आणि झोका जोडला. मी जन्मात असा सांधा पाहिला नाही. एक भोक नाही! मी त्यावरून बोट फिरवत राहिलो, गरम होते तरी. प्रथम वच्छलाबाई बसली. नंतर रतिलाल बसला, आणि तो चांगला वजनदार आहे. चौकट हलली नाही. हितेंद्र दूर ओट्यावर उभा होता. बहिणीने हाक मारली तसा आला, सिलिंडरला वळसा घालून आला, पण आला, आणि तिला झोका दिला. निंब गेल्यापासून पहिल्यांदा रोहिणी आमच्या दारात झोक्यावर हसली.

मला रडू आले. तेही नोंदवतो.

कलम तिसरे रद्द. मृत्यूनंतर काही देण्यात एक मोठी खोट आहे, मिळालेले बघायला देणारा हजर नसतो. रोहिणीच्या हातात तो सिलिंडर मला बघायचा आहे, आणि मेल्यावर फुस्स आवाज मला कोण ऐकवणार? म्हणून कलम तिसऱ्यातील सर्व सामान मी आज, जिवंतपणी, साक्षीदारांसमोर तिच्या ताब्यात दिले आहे. सिलिंडर आता माझ्या मालमत्तेत नाही. आखाजी झाली की तो धुळ्याला जाईल. हितेंद्रने हे ऐकून मोकळा श्वास घेतला. मला आमंत्रण आहे, मीही मागोमाग जाईन, शेजारी स्टूल टाकून बसायला.

कलम सहाव्यातील फसलेल्या चौकटी भंगारात द्याव्यात. हितेंद्रने भंगारवाल्याला अवश्य फोन करावा.

वर लिहिलेले वाचून, समजून, खुशीने सही करतो. सही करत असतानाच रोहिणीने शेडमध्ये व्हॉल्व्ह उघडला आणि तो आवाज आला, म्हणून सही ओळीखाली घसरली आहे. ती माझीच आहे.

(सही) तोताराम शंकर महाजन

आमच्यासमोर मृत्युपत्र करणाऱ्याने सही केली. तेव्हा तो शुद्धीत होता व फार आनंदात होता.

साक्षीदार:
१. (सही) बन्सीलाल दगडू चौधरी, धरणगाव
२. (सही) रतिलाल नथू वाणी, जळगाव

ठिकाण: धरणगाव
दिनांक: २९ एप्रिल २०२५, आखाजीचा आदला दिवस