चपलांपाशी एक जागा

बाबा, मागच्या आठवड्यात मी जपानमध्ये होते. ऑफिसच्या कामाला टोकियोला गेले, परतायच्या आधीचा दिवस मोकळा मिळाला, म्हणून एकटीच जवळच्या कामाकुराला, तिथलं जुनं देऊळ बघायला निघाले. सकाळपासून पाऊस. अमेरिकेतून, नेपरव्हिलच्या घरून तुमच्या जावयाचा फोन, "कॅन्सल कर ना यार, भिजशील." मी म्हटलं, तुझ्याबरोबर वीस वर्षं कोरडी काढलीत, एक दिवस भिजू दे. तुम्ही असतात तर हसू लपवायला पेपर तोंडासमोर धरला असतात.

तिथली छोटी गाडी घरांना इतकी खेटून जाते की हात बाहेर काढला तर कुणाच्या तरी कुंडीतली मिरची तोडता यावी. मग घरं एकदम संपतात आणि समुद्र येतो. करडा, पावसाने ठिपके पडलेला, आणि त्यात तीन वेडे फळ्या घेऊन लाटेची वाट बघत बसलेले. डब्यात कुणीही बोलत नव्हतं. माझ्यासारखीला ही शिक्षाच, पण खरं सांगते, बरं वाटलं.

देवळाशी पोचले आणि आपल्या घराण्याला शोभेल असंच केलं. बाहेरच्या दारातच बूट काढले. पावसात, उघड्यावर. मोज्यांनी डबक्यातून दहा पावलं गेले असेन, तेवढ्यात एक आजी छत्री सावरत धावत आली आणि माझ्या पायांकडे, बुटांकडे, मग आभाळाकडे बोट दाखवू लागली. बूट काढायचे ते आतल्या दालनाच्या पायरीशी. तिथे प्लास्टिकच्या पिशव्या ठेवलेल्या. आपले बूट पिशवीत घालायचे आणि हातात धरून आत जायचं. बाबा, त्या देशात तुमची नोकरीच गेली असती.

कोल्हापूर असो, जेजुरी असो, आई आम्हाला घेऊन आत आणि तुम्ही बाहेर. "जाऊन या तुम्ही, मी चपला बघतो." नेपरव्हिलला आलात तेव्हा इथल्या देवळातही तेच. चकचकीत फरशी, भिंतभर कप्पे, आणि तुम्ही समोरच्या बाकावर. मी म्हणतेय, "बाबा, इथे कुणी चपला नेत नाही. चला आत, लोक बघतायत." तुम्ही म्हणताय, "बघू दे की. मीही त्यांनाच बघतोय. आत शिरताना सगळे सारखेच दिसतात गं, खरा चेहरा चपला शोधताना दिसतो. बस जरा, गंमत आहे." आणि सरकून माझ्यासाठी जागा करताय. मी, जिभेला हाड नसलेली तुमची लेक, म्हटलं, "चपला राखायला नाही हं आणलं तुम्हाला एवढं तिकीट काढून." तुम्ही सरकून पुन्हा बाकाच्या मधोमध बसलात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी जगावर तिरकस लेख लिहिते, लोक हसतात, पण त्या बाकावर मला आजवर एक विनोद सुचलेला नाही.

तर कामाकुराला, हातात बुटांची पिशवी घेऊन मी पायरीशी उभी होते. वळचणीखाली एक बाक होता. त्यावर एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर बायकी पर्स, शेजारी दोन छत्र्या. त्यांनी माझ्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं, छत्र्या उचलल्या आणि सरकले. मी बसले. थोड्या वेळाने दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "वाइफ. एव्हरी टेंपल, इनसाइड."

"माय फादर," मी म्हटलं, "एव्हरी टेंपल, आउटसाइड."

ते इतके हसले की पर्स खाली पडली. मग आम्ही दोघं माणसं बघत बसलो. एकजण शांत, तेजस्वी चेहऱ्याने बाहेर आला आणि बुटात पाय अडकताच बायकोवर खेकसला. एक पोरगी एका पायावर लंगडी घालत मोबाइलवर हसत होती. शेजारच्या गृहस्थांची बायको आली तेव्हा तिने आधी पर्स उघडून बघितली, मग नवऱ्याकडे. म्हाताऱ्यांनी मला डोळा मारला. तासभर तरी बसले असेन. मोजे काही वाळले नाहीत. पण तुम्ही म्हणालात तसंच होतं, बाबा, गंमत होती.

हॉटेलवर पोचल्यावर तुमच्या नातीचा फोन. "मॉम, हाऊ वॉज द टेंपल?"

"ब्युटिफुल," मी म्हटलं.

हे पत्र टाकणार कुठे? किचनच्या खणात, पिझ्झाच्या कुपनांखाली ठेवतेय. घरात अजून कुणाला बोलले नाही, तुम्हाला सांगते. मी आत गेलेच नाही.