तिकिटं फाटली न्हाईत

उषा,

पेटीतली टपालाची तिकिटं शोधू नको, मीच घेतली. डॉक्टरनं सांगितलं होतं, तिकिटांची पट्टी त्या जागी गोल चिकटवून झोपा. झोपेत ताठरपणा आला तर पट्टी फाटंल, मंग दुखणं मनाचं. म्हणून दुकानात झोपत होतो. पट्टी एकदाबी फाटली न्हाई. दुखणं अंगाचंच है. औरंगाबादला मोठ्या डॉक्टरकडं चाललो. म्हशीची धार काढली है.

तुझ्यात बिलकुल खोट न्हाई, हे आईला सांगितलंय. आता ती लेकरू होत न्हाई म्हणून तुला बोलणार न्हाई.

तुझं भावाला लिहिलेलं पत्र तिकिटावाचून पडलं होतं. नवं तिकीट लावून ठेवलंय. वाचलं न्हाई. न्यायला ये म्हणून लिहिलं असंल, तरीबी टाक.

मच्छिंद्र